कंपनी मोठी होते कशी?

“पैशाकडे पैसा जातो” अशी आपल्याकडे एक म्हण आहे. मोठमोठ्या कंपन्यांविषयीं बोलणें निघालें कीं, वडील माणसें बहुधा हीच म्हण उच्चारतात आणि मुलें माना डोलवितात. ज्याच्यापाशीं द्रव्य आहे तो लहानांस विकत घेतो, विकत घेऊन अधिक मोठा होतो, आणि मोठा झाला कीं आणखी विकत घेतो. मग यांत समजून घेण्यासारखें राहिलें काय, असें पुष्कळांस वाटतें. आमच्या मतें ही समजूत अर्धी खरी व अर्धी चुकीची आहे. ती कोठें खरी व कोठें चुकीची हें एकाच कंपनीच्या इतिहासावरून दाखवावें, एवढाच या लेखाचा उद्देश आहे. विषय थोडा रुक्ष वाटेल. परंतु शाळेंतून बाहेर पडणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांचा व त्यांच्या आईबापांचा डोळा अशा कंपन्यांतील नोकरीवर असतो. ज्या घराचें दार ठोठवावयाचें, तें घर कसें उभें राहिलें हें ठाऊक असलेलें बरें.

उदाहरणासाठीं आम्हीं मायक्रोसॉफ्ट ही कंपनी घेतली आहे. कंपनीच्या वाढीचीं जीं तीन साधनें हल्लीं सांगण्यांत येतात, म्हणजे नेतृत्व, दुसऱ्या कंपन्यांची खरेदी आणि कृत्रिम बुद्धिमत्ता, तीं तिन्हीं तिच्या चरित्रांत स्पष्ट दिसतात. शिवाय तिच्या यशाइतकेच तिचे अपयशहि प्रसिद्ध आहे, आणि शिकणारास अपयशाचा उपयोग अधिक होतो.

४ एप्रिल १९७५ या दिवशीं बिल गेट्स व पॉल ॲलन या दोन शाळासोबत्यांनीं अमेरिकेंतील न्यू मेक्सिको संस्थानांत आल्बुकर्की गांवीं ही कंपनी काढली. त्या वेळीं गेट्स १९ वर्षांचे व ॲलन २२ वर्षांचे होते. आल्टेअर नांवाच्या एका लहानशा संगणकासाठीं बेसिक ही भाषा तयार करून देणें हें त्यांचें पहिलें काम. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. संगणकाचें यंत्र वेगळें आणि त्यास काम सांगणारी आज्ञावली वेगळी. पेटी कितीहि उत्तम असली तरी वाजविणारास चीज ठाऊक नसेल तर ती मुकीच राहते. तसेंच आज्ञावलीवांचून यंत्र मुकें. इतर लोक पेट्या करण्याच्या नादांत असतां या दोघांनीं चिजा रचून विकण्याचा धंदा पत्करला.

पुढें १९८० सालीं आय. बी. एम. या बलाढ्य कंपनीनें घरगुती वापराचा संगणक काढण्याचें ठरविलें व त्यासाठीं मूळ कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टपाशीं मागितली. मायक्रोसॉफ्टकडे तशी प्रणाली नव्हती. सिॲटल शहराजवळील एका छोट्या कंपनींत टिम पॅटरसन या गृहस्थांनीं ती लिहिलेली होती. मायक्रोसॉफ्टनें प्रथम तिचा परवाना व १९८१ च्या जुलै महिन्यांत तिचे सर्व हक्क विकत घेतले. त्या वेळीं दिलेली एकंदर रक्कम एक लक्ष डॉलरांच्या आंतच होती. पण खरी मेख पुढेंच आहे. हीच प्रणाली इतर कारखानदारांसहि विकण्याचा हक्क मायक्रोसॉफ्टनें आय. बी. एम.शी केलेल्या करारांत आपल्याकडे राखून ठेवला. थोड्याच वर्षांत इतर कारखाने तशाच धर्तीचे संगणक करूं लागले, आणि यंत्र कोणाचेंहि असो, आंतली प्रणाली मायक्रोसॉफ्टचीच, अशी स्थिति झाली. विकत घेतलेली वस्तु तीच होती. तिचें मोल वाढविलें तें पुढें काय होणार हें ओळखणाऱ्या दृष्टीनें.

आमच्या कोंकणांतील वाचकांस हें एका उदाहरणानें चटकन् पटेल. बागाईतदार रायवळ आंब्याच्या रोपावर हापूसची काडी बांधून कलम करतो. काडी विकत आणतां येते. परंतु ती फुटणार कीं वाळणार, हें खालच्या खुंटाच्या रसावर, हंगामावर आणि बांधणाराच्या हातावर अवलंबून असतें. कंपनीनें कंपनी विकत घेणें म्हणजे असेंच कलम बांधणें होय. पैसा काडी आणून देतो. ती जगविण्याचें काम पैशाच्या आवांक्याबाहेरचें आहे.

१९९० नंतर विंडोज या प्रणालीच्या योगानें मायक्रोसॉफ्ट जगांतील सर्वांत धनाढ्य कंपन्यांत जाऊन बसली. संपत्तीबरोबर ताठाहि आला. आपल्या प्रणालीबरोबर आपलेंच इंटरनेट पाहण्याचें साधन जोडून देऊन ती प्रतिस्पर्ध्यांचा मार्ग बंद करते, असा आरोप ठेवून १९९८ सालीं अमेरिकन सरकारनें तिजवर खटला भरला. २००० सालीं न्यायाधीशांनीं कंपनीचे दोन तुकडे करण्याचा हुकूम दिला. दुसऱ्या वर्षीं वरिष्ठ न्यायालयानें तो हुकूम रद्द केला खरा, पण कंपनीनें आपल्या मक्तेदारीचा गैरवाजवी उपयोग केला हा निष्कर्ष मुख्यत्वें कायम राहिला. “पैशाकडे पैसा जातो” ही म्हण कोठें खरी ठरते तें येथें दिसतें. एकदां मोठेपण आलें कीं दुसऱ्याची वाट अडविण्याचें सामर्थ्यहि येतें, आणि त्यास आळा घालावयास कायदा लागतो.

२००० च्या जानेवारींत गेट्स यांनीं मुख्याधिकाऱ्याचें पद स्टीव्ह बाल्मर यांच्या हातीं दिलें. बाल्मर कर्तबगार होते हें नाकारतां येणार नाहीं. त्यांच्या चौदा वर्षांच्या कारकीर्दींत कंपनीची वार्षिक विक्री सुमारें २३ अब्ज डॉलरांवरून ७८ अब्ज डॉलरांपर्यंत गेली. तरीहि याच काळांत जगाचा ओघ दुसरीकडे वळत होता. २००७ सालीं ॲपल कंपनीचा आयफोन बाजारांत आला, तेव्हां एवढ्या किंमतीचा व कळफलक नसलेला फोन कोण घेणार, असें म्हणून बाल्मर एका मुलाखतींत हंसले होते. लोकांनीं तो घेतला. पाठोपाठ गूगलच्या अँड्रॉइड प्रणालीचे फोन आले, आणि जो संगणक पूर्वीं टेबलावर असे तो प्रत्येकाच्या खिशांत गेला. त्या खिशांतील यंत्रावर मायक्रोसॉफ्टचें नांव नव्हतें.

मागें पडल्याची जाणीव झाली कीं धनवान् माणूस तें अंतर पैशानें भरून काढूं पाहतो. जाहिरातींच्या धंद्यांत गूगलशीं बरोबरी करण्यासाठीं मायक्रोसॉफ्टनें २००७ सालीं एक्वॉन्टिव्ह ही कंपनी सुमारें ६.३ अब्ज डॉलरांस घेतली. २०१२ सालीं त्यांतील ६.२ अब्ज डॉलर बुडीत खातीं लिहावे लागले. फोनच्या धंद्यासाठीं फिनलंडमधील नोकिया कंपनीचा फोन-विभाग सुमारें ७.२ अब्ज डॉलरांस घेण्याचा सौदा सप्टेंबर २०१३ मध्यें जाहीर झाला व एप्रिल २०१४ मध्यें पुरा झाला. जुलै २०१५ मध्यें त्यापायीं ७.६ अब्ज डॉलर बुडीत धरण्यांत आले आणि ७,८०० पर्यंत नोकर कमी करण्याचें ठरलें. एका काळीं आपल्या देशांत घरोघरीं असलेला नोकियाचा फोन आमच्या पालकवाचकांस आठवत असेलच.

हें कलम कां वाळलें? फोन वाईट होते म्हणून नव्हे. फोनची किंमत त्यावर चालणाऱ्या निरनिराळ्या ॲपवर ठरूं लागली होती. ॲप तयार करणारे लोक जेथें गिऱ्हाईक पुष्कळ तेथें जात, आणि गिऱ्हाईक जेथें ॲप पुष्कळ तेथें जाई. हें चक्र ॲपल व गूगल यांच्या बाजूनें फिरूं लागल्यावर नुसता कारखाना विकत घेऊन तें उलट फिरविणें शक्य नव्हतें. हंगाम टळून गेल्यावर बांधलेली काडी ती.

४ फेब्रुवारी १९१४ नव्हे, तर अगदीं अलीकडे, ४ फेब्रुवारी २०१४ रोजीं सत्या नादेला हे मायक्रोसॉफ्टचे तिसरे मुख्याधिकारी झाले. त्यांचा जन्म १९६७ सालीं हैदराबादेस झाला. वडील सनदी अधिकारी व आई संस्कृतच्या अध्यापिका. हैदराबाद पब्लिक स्कूल व मणिपाल येथील अभियांत्रिकी विद्यालय येथें शिकून ते अमेरिकेस गेले आणि १९९२ सालीं मायक्रोसॉफ्टमध्यें नोकरीस लागले. म्हणजे मुख्याधिकारी होण्यापूर्वीं बावीस वर्षें ते त्याच घरांत राबत होते. नोकिया घेण्याच्या प्रश्नावर वरिष्ठांची मतें घेतलीं तेव्हां आपण विरुद्ध मत दिलें होतें, असें त्यांनीं २०१७ सालच्या आपल्या पुस्तकांत नमूद केलें आहे.

त्यांनीं केलें तरी काय? सर्वांत पहिली गोष्ट म्हणजे विंडोज हेंच सर्वस्व हा आग्रह सोडला. पद मिळून दोन महिनेहि झाले नव्हते तों कंपनीच्या लिहिण्या-हिशेबाच्या आज्ञावल्या प्रतिस्पर्धी ॲपलच्या आयपॅडवर उपलब्ध झाल्या. तें काम त्यांच्या आधींपासून चाललें होतें, पण जगापुढें तें उभें राहून मांडलें त्यांनीं. लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली. तिला २००१ सालीं बाल्मर यांनीं कर्करोगाची उपमा दिली होती. तिच्याशींच सख्य करून २०१६ सालीं मायक्रोसॉफ्ट लिनक्सच्या संस्थेची सभासद झाली. शत्रूच्या अंगणांत जाऊन आपला माल ठेवणें हें मानी माणसास अवघड असतें, आणि मानी कंपनीस तर फारच.

दुसरी गोष्ट अझूर नांवाच्या सेवेवर दिलेला भर. पूर्वीं प्रत्येक कचेरी, पेढी किंवा कारखाना आपापले मोठे संगणक विकत घेऊन ठेवीत असे. जणूं प्रत्येकानें आपल्या वाड्यांत स्वतंत्र विहीर खणावी. अझूरसारख्या सेवेंत कंपनी एके ठिकाणीं हजारों संगणक ठेवते आणि लागेल तेवढें गणनबळ नळाच्या पाण्याप्रमाणें दुरून पुरविते. वापरलें तेवढ्याचे पैसे द्यावयाचे. ॲमेझॉननें हा धंदा आधीं सुरू केला होता, आणि अझूरचा पायाहि बाल्मर यांच्याच काळांत घातला गेला होता. पण कंपनीचें बळ त्यामागें लावलें नादेला यांनीं. सप्टेंबर २०१५ मध्यें या सेवेचीं भारतांतील केंद्रें पुणें, मुंबई व चेन्नई येथें सुरू झालीं.

खुंट असा तयार झाल्यावर मग काड्या फुटूं लागल्या. २०१४ सालीं मायनक्राफ्ट हा मुलांचा आवडता खेळ करणारी स्वीडनमधील मोजांग कंपनी २.५ अब्ज डॉलरांस घेतली. २०१६ सालीं नोकरी-व्यवसायाच्या ओळखी जुळविणारी लिंक्डइन २६.२ अब्ज डॉलरांस घेतली. २०१८ सालीं गिटहब ७.५ अब्ज डॉलरांस घेतली. जगांतील आज्ञावली लिहिणारे लोक आपलें काम येथें ठेवतात व एकमेकांचें तपासतात, आणि खरेदीच्या वेळीं अशा लोकांची संख्या २ कोटि ८० लक्षांवर होती. मायक्रोसॉफ्ट आतां ही मुक्त जागा बळकावणार, अशी भीति त्यांपैकीं अनेकांस वाटली. परंतु कंपनीनें गिटहबचें नांव, तिचा कारभार व तिची रीत कित्येक वर्षें तशीच राहूं दिली. नोकियास आपल्यासारखें करण्याची घाई झाली होती. येथें संयम पाळला गेला. प्रत्येक खरेदी निर्मळ ठरली असें मात्र नाहीं. अॅक्टिव्हिजन ब्लिझर्ड ही खेळ तयार करणारी कंपनी घेण्याचा ६८.७ अब्ज डॉलरांचा सौदा जानेवारी २०२२ मध्यें जाहीर झाला, तो अमेरिका व ब्रिटन येथील सरकारी आक्षेपांमुळें ऑक्टोबर २०२३ मध्यें पुरा झाला. आणि नंतर तीनच महिन्यांनीं खेळांच्या विभागांतील १,९०० नोकरांस काढण्याचें जाहीर झालें.

आतां कृत्रिम बुद्धिमत्तेकडे वळूं. हल्लींचीं बोलणारीं यंत्रें करतात काय, तें थोडक्यांत असें: मनुष्यांनीं लिहिलेला अफाट मजकूर यंत्रापुढें ठेवतात, आणि एका शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव किती, याचे अब्जावधि आंकडे तें गणित करून बसवितें. असा अभ्यास झाला कीं प्रश्न विचारतांच तें एकामागून एक संभाव्य शब्द मांडून उत्तर तयार करतें. यास बुद्धि लागते ती करणारांची. पण तिच्या जोडीस गणनबळहि अचाट लागतें, आणि तें थोड्याच कंपन्यांपाशीं आहे.

डिसेंबर २०१५ मध्यें स्थापन झालेल्या ओपनएआय या संस्थेपाशीं कल्पना होत्या, पण एवढीं यंत्रें नव्हतीं. मायक्रोसॉफ्टपाशीं यंत्रें होतीं. जुलै २०१९ मध्यें मायक्रोसॉफ्टनें तींत एक अब्ज डॉलर घातले, आणि २०२० सालीं तिच्यासाठीं दहा हजार विशेष गणनयंत्रें जोडलेला महासंगणक उभारल्याचें जाहीर केलें. ३० नोव्हेंबर २०२२ रोजीं चॅटजीपीटी लोकांपुढें आला आणि दोनतीन महिन्यांत त्याचें नांव सर्वतोमुखीं झालें. त्यापूर्वींच, जून २०२१ मध्यें, आज्ञावली लिहिणारास पुढची ओळ सुचविणारा कोपायलट नांवाचा मदतनीस गिटहबवर प्रथम दाखविण्यांत आला होता. ओपनएआयचें ज्ञान, गिटहबवरील मजकूर व वापरणारे लोक, आणि अझूरचें गणनबळ, हीं तिन्हीं तेथें एकत्र आलीं. नेतृत्व, खरेदी व नवें शास्त्र हे तीन निराळे मार्ग नाहींत, हें यावरून दिसून येईल. पहिलें नीट असेल तरच पुढचीं दोन उपयोगी पडतात. २०१४ च्या आरंभीं सुमारें ३०० अब्ज डॉलर असलेलें कंपनीचें बाजारमूल्य जानेवारी २०२४ मध्यें तीन लक्ष कोटि डॉलरांवर गेलें, म्हणजे दहा वर्षांत दसपट झालें.

इतकी कीर्ति गाइल्यावर दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. ज्या जानेवारी २०२३ मध्यें ओपनएआयमध्यें आणखी अब्जावधि डॉलर घालण्याचें ठरलें, त्याच महिन्यांत मायक्रोसॉफ्टनें दहा हजार नोकर कमी करण्याचें जाहीर केलें. आपला मजकूर विनापरवाना यंत्रास शिकविला, अशी तक्रार करून न्यूयॉर्क टाइम्स या वृत्तपत्रानें डिसेंबर २०२३ मध्यें ओपनएआय व मायक्रोसॉफ्ट या दोघांवरहि दावा लावला. या यंत्रांची विजेची भूक तर विलक्षण आहे. २०३० पर्यंत आपण हवेंत सोडतों त्याहून अधिक कर्बवायु काढून घेऊं, असें वचन कंपनीनें २०२० सालीं दिलें होतें. पण त्या सालापासून तिचा कर्बवायु सुमारें २९ टक्क्यांनीं वाढला, असें तिच्याच २०२४ च्या अहवालांत आहे. त्याच वर्षीं सप्टेंबरांत, पेन्सिल्व्हेनियांतील थ्री माइल आयलंड येथील २०१९ पासून बंद असलेली अणुभट्टी पुन्हां सुरू करून तिची वीज वीस वर्षें मायक्रोसॉफ्टनें घ्यावी, असा करार झाला. एका कंपनीची गरज भागविण्यासाठीं अणुभट्टी पेटवावी लागावी, यावरून हें मोठेपण केवढें झालें आहे याची कल्पना येईल. १९९८ चा प्रश्न अजून मिटलेला नाहीं: एवढें सामर्थ्य मोजक्यांच्या हातीं असावें काय, आणि त्यावर देखरेख कोणी करावी? आजचे विद्यार्थी उद्यांचे नागरिक होतील तेव्हां याचें उत्तर त्यांसच द्यावयाचें आहे.

आतां पालकांस व विद्यार्थ्यांस दोन शब्द. मुलगा अमुक कंपनींत लागला म्हणजे त्याचें कल्याण झालें, असें मानण्याचा काळ गेला. दहा हजार माणसें एका दिवसाच्या घोषणेनें कमी होतात, आणि ज्या कंपनीचा फोन घरोघरीं होता तिचा तो धंदा दुसऱ्याच्या वहींत बुडीत खातीं जमा होतो. टिकते ती शिकण्याची संवय. बावीस वर्षें एका घरांत काम करूनहि त्या घराची जुनी समजूत टाकून देण्याची तयारी नादेला यांच्यापाशीं होती. कंपनीच्या तिजोरींत पैसा तर त्यांच्या आधींहि भरपूर होता.

आणि विद्यार्थिमित्रहो, ज्या यंत्राविषयीं आम्हीं वर लिहिलें तें आतां तुमच्याहि हाताशीं आलें आहे. तें क्षणांत निबंध लिहून देतें, गणित सोडवून देतें. त्याची मदत घेऊं नये असें आम्हीं म्हणत नाहीं. परंतु ती मदत हीहि एक बाहेरून आणलेली काडीच आहे. ज्यानें स्वतः व्याकरण घोटलें आहे, चार ग्रंथ वाचले आहेत, चुकीचें उत्तर पाहतांच ज्याच्या मनांत शंका येते, त्याच्या ठिकाणीं ती फुटेल व फळेल. ज्याच्यापाशीं स्वतःचें असें कांहींच नाहीं, त्यास परीक्षेच्या दालनांत कोरा कागद समोर आला कीं ती वाळलेली आढळेल. सात अब्ज डॉलर खर्चून एका बलाढ्य कंपनीनें जो धडा घेतला, तो तुम्हांस आपल्या वर्गांत बसून फुकट घेतां येण्याजोगा आहे. तो तेवढा घ्यावा, इतकीच आमची विनंति आहे.